मधल्या ओळी

“त्येना हात जोडल्यान, पण तिना मान सुदिक वर करूक नाय.”

मागच्या बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली. कुजबुजतच म्हणाली, पण आमच्या चर्चचं छप्पर उंच आहे, तिथे कुजबुज सगळ्यांना मिळते. मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एकमेकांना शांती देण्याची वेळ होती. फादर तसं सांगतात, मग सगळे मागेपुढे वळून शेजाऱ्यांना हात जोडतात आणि मुलं त्या गडबडीत एकमेकांना चिमटे काढतात. आमच्या पुढच्या बाकांवरचा एक माणूस वळला होता. एकेकाला हात जोडत त्याची नजर आमच्यापर्यंत आली, आणि मम्मीसमोर त्याचे हात जरा जास्त वेळ तसेच राहिले. मम्मी आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत होती. माझे हात आधीपासून जोडलेले होते. मी ते सोडले नाहीत, एवढंच.

“ह्या तिचा बरोबर नाय हां,” दुसरी बाई म्हणाली. “देवाच्या घरात तरी…”

“तुझो घोव असो जावंदे, मगे बघूया,” पहिली म्हणाली. घोव म्हणजे नवरा.

तो माणूस म्हणजे ज्याच्या बोटीखाली माझे पप्पा गेले तो.

डिसेंबरातली गोष्ट. पप्पा संध्याकाळी आपल्या छोट्या होडीतून किनाऱ्याजवळच जाळं ओढत होते. पर्यटकांना डॉल्फिन दाखवून परतणारी त्याची बोट वेगात आली. होडी उलटली. बोट थांबली नाही. ती जेटीवर गेली, पर्यटक उतरले, त्यांनी लाइफ जॅकेटं काढून दिली. पोलिसांना त्याने सांगितलं की काहीतरी लागल्यासारखं वाटलं, ओंडका असेल असं वाटलं. पप्पांना दुसऱ्या होडीवाल्यांनी बाहेर काढलं, आणि दवाखान्याच्या वाटेवर ते गेले. किनाऱ्यावर त्या वेळी आमच्याच वाड्यातली, म्हणजे वस्तीतली, माणसं होती. जबाबात सगळ्यांनी एकच सांगितलं: उजेड कमी होता. केस कोर्टात आहे. तारीख पडते, मग पुढची पडते.

तो परका असता तर कदाचित सोपं झालं असतं. तो आणि पप्पा लहानपणी एकाच रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोराच्या एका टोकाला हा, त्याच्या मागे पप्पा, असा घरात एक फोटोही आहे. पप्पांच्या शवपेटीला त्याने खांदा दिला. वाड्याने तो खांदा त्याच्या बाजूने मोजला. सीझनमध्ये अर्धा वाडा त्याच्याकडे कामाला असतो, हेही आहेच.

त्यानंतर मम्मीने दोन गोष्टी बंद केल्या. लोकांना त्यातली एकच माहीत आहे. ती कम्युनियन, म्हणजे प्रभूचं शरीर म्हणून वेदीपाशी मिळणारी भाकर, घ्यायला उठत नाही. सगळे रांगेत पुढे जातात, ती बाकावर बसून राहते, आणि मला बाहेर पडायचं असलं की गुडघे तिरके करून वाट देते. पूर्वी वेदीवरची फुलं तीच लावायची. आता फुलं दुसरं कोणी लावतं, जास्वंद आणि प्लास्टिकचे गुलाब एकत्र, यावरसुद्धा मम्मी काही बोलत नाही.

दुसरी गोष्ट फक्त मला माहीत आहे. आमच्या घरी संध्याकाळी तेर्स होतो, म्हणजे माळेवरची प्रार्थना. दर दहा मण्यांआधी ‘आमच्या बापा’ म्हणायचं. त्यात एक ओळ आहे, आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. मम्मी त्या ओळीला थांबते. ओठ मिटते. मी एकटीच ती ओळ म्हणते, आणि पुढच्या ओळीला ती पुन्हा येऊन मिळते. पहिल्यांदा मला वाटलं तिला खोकला आला. मग रोज तसं होऊ लागलं. आम्ही दोघी त्याबद्दल कधी काही बोललो नाही. आमच्या घरात आधीही फार बोलणं नव्हतं. जे होतं ते पप्पांचं होतं.

मला स्वतःला काय वाटत होतं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. मी काम करत होते. मी घरी बसून एका होमस्टेच्या बुकिंगचे मेसेज बघते. पर्यटक विचारतात, एसी आहे का, व्हेज मिळेल का, डॉल्फिन राइड पॅकेजमध्ये आहे का. मी इंग्रजीत लिहिते, हो, आहे, सकाळची वेळ जास्त चांगली. शेवटी हसरा चेहरा टाकते. तो टाकायचा असतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींमध्ये त्याचीही बोट आहे. हे लिहिताना मला काही होत नव्हतं. मी वाट बघायचे की काही होईल. मग पुढचा मेसेज यायचा.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत फादर घरी आले. ते तरुण आहेत, बाहेरचे आहेत, आमच्यासारखं बोलत नाहीत. मम्मीने चहा ठेवला, बिस्किटं काढली. पप्पांच्या फोटोखाली बसून फादर म्हणाले, “ताई, कम्युनियनला का येत नाही तुम्ही?”

“माका येवक होणा नाय.”

“राग आहे मनात?”

“राग न्हय. माका तेचा वाईट व्हयासा वाटता. रोज वाटता. मी देवाकडे ताच मागतंय. असा मागणाऱ्यान तोंड उघडून देवाक कसा घेवचा?”

तिने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी पाण्याचा ग्लास पुसत होते तो पुसतच राहिले. त्याचं वाईट व्हावं, हे मागणंच तिला पाप वाटत होतं, आणि तरी ते मागणं सोडता येत नव्हतं. म्हणून ती बाकावर बसून राहत होती. हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटत होतं ती देवावर रुसली आहे.

फादर म्हणाले, “ताई, क्षमा ही भावना नसते, निर्णय असतो.”

“फादर, तुमी तेका सांगलात काय?”

“काय?”

“थांबूक होया होता म्हणान.”

फादरांनी कप खाली ठेवला. “तो माझ्याकडे आला तर सांगेन.”

“तो कित्याक येतलो? तेका माफी अशीच गावली.”

माडावरून एक नारळ पडला तेव्हा फादर दचकले. जाताना ते म्हणाले, “मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.”

“खंयची?” मम्मीने विचारलं.

तिला खरंच विचारायचं होतं की कोणती. फादर हसले नाहीत, हे मला त्यांचं आवडलं. दारात चप्पल घालताना ते मला म्हणाले, “रविवारी स्तोत्र तू वाच. तू इंग्लिश मीडियमची ना? हळू वाचतेस, पण स्पष्ट वाचतेस.” मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणतानाही आवाज निघत नाही, त्यामुळे मान बरी पडते.

मराठी मला उच्चारून बघावी लागते. शाळेत आमची प्रार्थना इंग्रजीत होती, घरी मालवणी, चर्चमध्ये मराठी, आणि शिरोड्याची आजी कोंकणीत माळ ओढायची. म्हणून मी वाचनांचं पुस्तक घरी आणलं आणि मागच्या पडवीत बसून सराव केला. ते स्तोत्र मला इंग्रजीतून माहीत होतं. देवा, तू मला ओळखतोस, मी बसते ते आणि उठते तेही तुला कळतं, आईच्या पोटात तूच मला विणलंस, अशा अर्थाचं. सुंदर आहे. वर बारीक अक्षरांत ओळींचे आकडे असतात, ते मी एरवी बघत नाही. त्या दिवशी बघितले. आकडे सरळ जात होते आणि मग एकदम उडी मारून शेवटच्या दोन ओळींवर आले होते. त्या शेवटच्या ओळी अशा होत्या की देवा, मला तपास, माझं मन बघ, माझ्यात काही वाईट वाट असेल तर मला दाखव.

मधलं काय झालं ते बघायला मी माझं इंग्रजी बायबल काढलं. कन्फर्मेशनच्या विधीला मिळालेलं, पानं अजून चिकटलेली.

मधे तो माणूस देवाला म्हणतो, तू दुष्टांना मारून टाकलंस तर किती बरं होईल. रक्त सांडणाऱ्यांनो, माझ्यापासून दूर व्हा. मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो. असं सगळं म्हणून झाल्यावर, लगेच, श्वासही न घेता, तो म्हणतो, आता मला तपास.

चर्चमध्ये आम्ही पहिला भाग वाचतो आणि शेवटचा वाचतो. मम्मीजवळ फक्त मधला होता.

मग मी आणखी शोधलं. कामाचे मेसेज शोधते तसं, एकामागून एक. मी भावनेने वगैरे काही केलं असं नाही, हाताला काम होतं म्हणून केलं. एका स्तोत्रात एक माणूस मागतो की माझ्या वैऱ्याची मुलं अनाथ होऊ देत, त्याची बायको विधवा होऊ दे. एकात नदीकाठी बसून रडणारे लोक आहेत, ते इतकं हळू सुरू होतं, आणि शेवटी ते वैऱ्यांच्या तान्ह्या मुलांबद्दल जे म्हणतात ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि एका कुटुंबाला लिहिलं की हो, एक्स्ट्रा गादी मिळेल. पण हे सगळं पुस्तकात आहे. कुणी ते खोडलेलं नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तर मारली गेलेली माणसं वेदीच्या खाली आहेत, देवाच्या अगदी जवळ, आणि तिथूनही ती विचारतात, आणखी किती वेळ, आमच्या रक्ताचा न्याय कधी करणार. त्यांना कुणी गप्प करत नाही. त्यांना पांढरे झगे देतात आणि थोडं थांबायला सांगतात.

आणि येशूने सांगितलेली ती विधवा. न्यायाधीशाच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाणारी, माझ्या विरोधकाविरुद्ध मला न्याय दे म्हणणारी. जुन्या इंग्रजी भाषांतरात ती मागते तो सूड आहे, मराठीत तो न्याय आहे. शब्द बदलला की बाईच बदलल्यासारखी वाटते. येशू तिला घरी जा आणि माफ कर असं म्हणत नाही. तो म्हणतो, बघा, ही मागत राहिली.

दुसरी बाजू मला माहीत होती. ती सगळ्यांना माहीत असते. वैऱ्यांवर प्रेम करा. आणि क्रूसावरून त्याने स्वतः, खिळे मारणाऱ्यांसाठी, मागितलेली क्षमा. ती वाचताना मला नेहमी लाज वाटते, कशाची ते नीट कळत नाही. मला उत्तर सापडलं असं मी म्हणणार नाही. एवढंच दिसलं की या मागणाऱ्यांपैकी कोणी प्रार्थना संपवून हातात दगड घेऊन उठत नाही. जी काय घाण आहे ती तिथे ओततात आणि तिथेच ठेवतात. बायबलमधल्या एका पत्रात तसं लिहिलंही आहे, तुम्ही सूड घेऊ नका, ते देवाचं काम आहे, त्याला करू द्या. मग त्याला करायला सांगणं हे पाप कसं, असा मला प्रश्न पडला. विचारायला कोणी नव्हतं. म्हणजे होते, पण मी विचारणारी नाही.

रविवारी मी स्तोत्र वाचलं, छापलं होतं तेवढंच. मधल्या उडीपाशी मी जरा थांबले. लोकांना वाटलं असेल मराठी अडलं.

आमच्या शेजारच्या काकी हिंदू आहेत. आमच्या दोन घरांच्या मागच्या पायऱ्या समोरासमोर आहेत आणि मासे साफ करायचं काम मम्मी आणि काकी तिथेच बसून करतात. काकींचे यजमान त्या संध्याकाळी किनाऱ्यावर होते. त्यांनीही उजेड कमी होता असंच सांगितलं. पण नंतर एकदा आमच्या पडवीत येऊन, उभ्या उभ्या, मम्मीला ते म्हणाले होते, “वयनी, त्येना मागे वळान बघल्यान. मगे गेलो.” आणि निघून गेले. मम्मीने ते ऐकलं आणि काकींशी बोलणं बंद केलं नाही. मला ते कळत नाही, पण तसं आहे.

ईस्टरनंतरचा एक दिवस. मम्मी बांगडे साफ करत होती. समुद्रावरून त्या बोटींचा आवाज येत होता, सुट्टीचे दिवस होते. मम्मी मान वर न करता म्हणाली, “तेचा इंजिन फुटांदे. मधी दर्यात बंद पडांदे.”

“व्हय म्हाराजा,” काकी म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून ते सवयीने गेलं. त्यांच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण देवापुढे उभा राहून मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे म्हणतात, व्हय म्हाराजा. काकींनी कोयता ठेवला, तोंडावर हात ठेवला, त्या हाताला माशाचं रक्त होतं, मग तोंडाला लागलं. मम्मीने त्यांच्याकडे बघितलं. आणि मम्मी हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला दोघींपैकी कुणाचाही हात स्वच्छ नव्हता.

“शिरा पडली माझ्या तोंडार,” काकी स्वतःलाच शिवी घालत म्हणाल्या. “बांगड्यांपुढे गाऱ्हाणा घातलंव आमी.”

“बांगडे तरी ऐकतत,” मम्मी म्हणाली.

“गो, तुमच्या देवाक सवड नसली तर आमच्याक सांगूया. माझो दीर गाऱ्हाणा घालता, तेका सांगतंय. येक नारळ घेवन चल.”

“नको गो. माझा भांडाण माझ्या देवाकडे आसा. मधी दुसरो कित्याक?”

“ताय खरा.” काकींनी बांगड्याचं डोकं उडवलं. “पण येकट्यान मागू नको. बाजूक व्हय म्हणणारो कोण तरी लागता. नायतर देवाक वाटता, ही आपली बडबडता.”

“आमच्यात आमेन म्हणतत.”

“मगे कोण म्हणता तुझ्या बाजूक आमेन?”

मम्मीने पुढचा बांगडा उचलला. मी पायरीच्या वर दारात उभी होते, ताटली घेऊन. दोघींनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं मुद्दाम.

प्रमाण मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढचं मागणं. हे एकच आहे असं मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. स्तोत्रांतले ते लोकही गाऱ्हाणंच घालत होते.

दुसऱ्या दिवशी मी मम्मीचं मराठी बायबल काढलं, ते स्तोत्र उघडलं, आणि मधल्या ओळींपाशी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेला, सुकलेला झावळीचा क्रूस ठेवला. पुस्तक किचनच्या ओट्यावर ठेवून मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. मी असंच करते. शाळेत असताना मार्कही असेच ओट्यावर ठेवायचे.

बराच वेळ कुकरची शिट्टी झाली नाही. मग मम्मी दारात आली, चष्मा लावलेला, बोट पानात घातलेलं.

“हो मधलो इगर्जेत कित्याक वाचणत नाय?”

चर्चला घरी आम्ही इगर्जच म्हणतो. मी खांदे उडवले.

“कोणी लिवल्यान ह्या?”

“राजा होतो तो,” मी म्हणाले. “असा म्हणतत.”

“राजा,” ती म्हणाली. पुन्हा पानाकडे बघितलं. “आणि मगे सांगता, माका तपास.” ती तिथे उभी राहिली. “हुशार आसा. आदी आपला सांगल्यान, मगे आपणाक पुढे केल्यान.”

एवढंच. पुस्तक परत कपाटात गेलं नाही, ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी राहिलं. संध्याकाळच्या तेर्सला ती त्या ओळीपाशी थांबलीच. पण थांबताना आता तिचे ओठ मिटलेले नव्हते. काहीतरी दुसरं ती तिथे म्हणत होती, अगदी हळू, मला ऐकू येईल असं नाही.

मे महिन्यात आमच्या वाड्यातल्या खुरसाकडे लादिन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, असते. खुरीस म्हणजे वाटेवरचा पांढरा क्रूस, त्याला त्या दिवशी चुना लावतात, झेंडूच्या माळा घालतात. ऊन उतरायच्या वेळी वाडा जमतो. एक म्हातारे काका पुढे उभे राहून लादिन गातात, बाकीचे मागून म्हणतात, आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. चण्यांसाठी हिंदू शेजारीही येतात, कडेला उभे राहतात, हात जोडतात. काकी आल्या होत्या, त्यांचे यजमानही. फादर या वर्षी नव्हते. आणि तो आला होता, बायकोबरोबर, पांढरा शर्ट घालून, खुरसाच्या पायरीजवळ उभा होता, पूर्वीपासून तिथेच उभा राहतो तसा.

लादिन संपल्यावर आणि चण्यांआधी आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्याला काही मागायचं असेल त्याने मोठ्याने मागायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. कुणी मुलाच्या जहाजावरच्या नोकरीसाठी मागतं, कुणी गुडघ्यासाठी. त्या दिवशीही सुरू झालं.

“माझ्या झिलाक बरा चेडू मिळांदे,” एक आजोबा म्हणाले. ते दरवर्षी मुलासाठी चांगली मुलगीच मागतात.

“हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

“आदी तेका दाढी करूक सांगा,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू उठलं. म्हाताऱ्या काकांनी डोळे वटारले. आणखी दोघींनी मागितलं, एकीने पावसासाठी, एकीने सुनेच्या बाळंतपणासाठी. प्रत्येक वेळी सगळे म्हणाले. मी ओठ हलवले. मी नेहमी ओठच हलवते.

मग मम्मीचा आवाज आला. ती माझ्या शेजारी होती, तरी तो लांबून आल्यासारखा वाटला.

“देवा, माझ्या घोवाक ह्या दर्यात मारल्यान. मारणारो हंयच उभो आसा. मी तेचा नाव घेणंय नाय, तुका म्हायत आसा.”

चण्याच्या टोपातला डाव वाजायचा थांबला.

“तो थांबलो नाय. मागे वळान बघल्यान आणि गेलो. बघणारे पण हंयच आसत, तेंकाय तू बघ. तेका माफ कर म्हणान माझ्या तोंडातसून येणा नाय, मी खोटा बोलूचंय नाय. तू न्याय कर. तो खरा सांगीपर्यंत तेका झोप देव नको. डोळो मिटलो काय तेच्याच बोटीचो आवाज तेच्या कानात येवंदे.”

त्याच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. मम्मी तिच्याकडे बघून थांबली. मग पुढे म्हणाली, “तिका, पोरांका काय करू नको. आणि देवा, माझा ह्या खोटा आसात तर माका झोप देव नको. माझ्या काळजात काय आसा ता बघ. सगळा बघ.”

ती थांबली. संपलं होतं. आता सगळ्यांनी म्हणायचं होतं.

कुणी म्हणालं नाही. म्हातारे काका हातातल्या पुस्तकाकडे बघत होते, बंद पुस्तकाकडे. बायका आपापल्या मुलांकडे बघत होत्या. त्याने मान खाली घातली होती आणि त्याच्या मानेवर घाम दिसत होता. मी काकींकडे बघितलं. काकी यजमानांकडे बघत होत्या, आणि ते समुद्राकडे. काकींचे ओठ उघडे होते, पण त्यातून काही आलं नाही. झेंडूच्या माळेवर एक मुंगळा वर चढत होता. मम्मी सरळ उभी होती, आणि तिचा हात, माझ्या हाताजवळचा, बोटं पसरून तसाच राहिला होता, जसा मासे साफ करताना पुसायला काही मिळालं नाही की राहतो. मला कळलं की कुणीच काही म्हणालं नाही तर ती घरी जाईल, बांगडे साफ करेल, तेर्स म्हणेल, आणि रविवारी बाकावर बसून राहील, आयुष्यभर, गुडघे तिरके करून लोकांना वाट देत.

तिचं मागणं बरोबर आहे का, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं. पण ते खरं होतं आणि ते एकटं उभं होतं.

मला काय म्हणायचं ते मला माहीत होतं. शाळेच्या असेंब्लीतलं इंग्रजी वाक्य माहीत होतं, चर्चमधलं मराठी माहीत होतं. मी तोंड उघडलं. दोन्ही भाषांतलं एकही अक्षर जाग्यावर नव्हतं. लोकांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली, मम्मीनेही. आणि माझा आवाज आला, मला स्वतःला अनोळखी, फार मोठा, पूर्ण वाड्याला ऐकू जाईल असा.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.